वाँटेजचे ख्रिस्तमंदिर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या गंगापूर रस्त्यावरील बिऱ्हाडी एका खेड्यातील उपदेशक आले. त्यांच्या काखेत कागदाची एक गुंडाळी होती. त्यांच्या मंडळीत तीसेक घरे आहेत. उपासना आजवर शाळेच्या एका खोलीत होत आली. आता स्वतःचे मंदिर असावे म्हणून बायाबापड्या तीन वर्षे दर सांजेला मडक्यात मूठभर धान्य बाजूस टाकीत आहेत. गुंडाळी उलगडली तो आत तालुक्याच्या गावी कोणाकडून काढून आणिलेला नकाशा निघाला. चाळीस फूट उंच मनोरा, टोकदार कमानींच्या खिडक्या, दाराशी देवडी, सर्व काही त्यात होते. छप्पर मात्र जमा रकमेत बसत नाही, असे उपदेशकांनी खालच्या स्वरात सांगितले.

"मग मनोरा कशाला?" असे आम्ही विचारिले.

"पाळकसाहेब, मनोऱ्यावाचून त्याला ख्रिस्तमंदिर कोण म्हणेल? विलायतेच्या खेड्यापाड्यांतून असेच असते ना?"

त्या वेळी आम्ही त्यांस पुरते उत्तर देऊ शकलो नाही. पाऊस जवळ आला होता आणि त्यांस शेवटची गाडी गाठावयाची होती. परंतु हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हे. ख्रिस्तमंदिर म्हटले की आमच्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नाताळच्या भेटकार्डावरील चित्र उभे राहते: बर्फाने झाकलेली कौले, आकाशात शिरलेले टोक, रंगीत काचांतून झिरपणारा उजेड. या चित्रातील वस्तू खऱ्या आहेत. त्या कोणी, केव्हा, कोणत्या पैशाने आणि कोणत्या क्रमाने बांधिल्या, हे चित्र सांगत नाही. तेवढेच या पाठात सांगण्याचे योजिले आहे.

उदाहरणासाठी इंग्लंडातील सहस्रावधी मंदिरांतून आम्ही एक निवडतो, कारण मराठी ख्रिस्ती लोकांस ते अगदीच परके नाही. १८८३ सालच्या सप्टेंबरच्या २९ तारखेस पंडिता रमाबाई व त्यांची चिमुकली मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा वाँटेज या गावी तेथील गावमंदिरात झाला. वाँटेज येथे भगिनींचा एक मठ होता. १८४८ साली तेथील पाळक विल्यम बटलर यांनी तो स्थापिला होता, आणि १८७७ साली त्यातील काही भगिनी पुण्यास येऊन कामाला लागल्या होत्या. पुण्यातील त्या ओळखीनेच रमाबाई विलायतेस गेल्यावर प्रथम वाँटेजला उतरल्या. पुढे त्या चेल्टनहॅमला गेल्या, अमेरिकेस गेल्या, परत येऊन त्यांनी शारदासदन व मुक्तिसदन उभारिले, हे सर्व वाचकांस ठाऊक आहेच. आज आपण रमाबाईंच्या चरित्राकडे न वळता, त्या ज्या दारातून आत गेल्या त्या इमारतीकडे पाहू.

वाँटेज हे खेडे नव्हे आणि शहरही नव्हे. आपल्याकडील सिन्नरासारखा तो बाजाराचा कसबा आहे. भोवती शेते, दक्षिणेस खडूच्या मातीच्या उघड्या टेकड्या, मधोमध बाजारचौक. रमाबाईंच्या काळी तो बर्कशर परगण्यात होता. १९७४ पासून ऑक्सफर्डशरमध्ये मोडतो. ज्या आल्फ्रेड राजाने आपल्या प्रजेसाठी लॅटिन ग्रंथ लोकभाषेत आणविले, त्याचा जन्म येथे ८४९ साली झाला, असे त्याचा चरित्रकार आसर लिहितो. चौकात त्या राजाचा पुतळा १८७७ साली उभा केला आहे, आणि चौकाजवळच संत पेत्र व संत पौल यांच्या नावाचे गावमंदिर आहे.

या मंदिराची मुख्य बांधणी तेराव्या शतकातील. म्हणजे देवगिरीस यादव राज्य करीत होते आणि ज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ पुरा केला (१२९०), त्याच शतकात वाँटेजचे गवंडी दगड घडवीत होते. मंदिराचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा आहे, आणि क्रूसाचे दोन हात जेथे एकमेकांस छेदतात तेथे चार जाड खांबांवर चौकोनी मनोरा उभा आहे.

आता मंदिराचे भाग ओळखू. आमच्या उपदेशकबंधूंस हे शिकण्यास मुळीच कठीण नाही, कारण सिन्नरचे गोंदेश्वर देवालय ज्याने बाहेरून पाहिले आहे त्याच्या मनात गाभारा व सभामंडप हे दोन शब्द आहेतच. इंग्लंडातील गावमंदिराचेही असेच दोन भाग असतात. पश्चिमेकडील मोठा भाग लोकांचा. त्याला आपण मंडप म्हणू. पूर्वेकडील लहान भागात प्रभुभोजनाचे मेज व गायकांची आसने. त्याला वेदीचा भाग म्हणू. उपासक पूर्वेकडे तोंड करून बसतात. मंडपाच्या बाजूंस पुष्कळ ठिकाणी पडव्या काढलेल्या असतात. गावाची वस्ती वाढली की मंडपाची बाजूची भिंत फोडून तेथे खांब व कमानी घालावयाच्या आणि पलीकडे उतरत्या छपराची पडवी जोडावयाची. आपण घर वाढवितो तसेच ते वाढविणे आहे. दक्षिणेस किंवा उत्तरेस दार, दारापुढे देवडी. जुन्या काळी विवाहाचा आरंभ त्या देवडीत होत असे, आणि गावचे देणेघेणेही तेथे साक्षीदारांसमक्ष चुकते होई. दाराजवळच बहुधा बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असते, कारण मंडळीत प्रवेश तेथून होतो असा त्याच्या जागेचा अर्थ आहे. आवाराच्या वेशीवर पुष्कळ ठिकाणी छोटे छप्पर असलेले फाटक आढळते. प्रेत घेऊन आलेले लोक तेथे तिरडी टेकवून पाळकाची वाट पाहत. पावसाच्या देशात ही सोय बेताची नव्हे.

मंडप व वेदीचा भाग यांत आणखी एक भेद होता, आणि आमच्या मते गावमंदिराचा सगळा इतिहास या एका भेदात सापडतो. तेराव्या शतकापासून इंग्लंडात अशी रूढी पक्की झाली की वेदीच्या भागाची दुरुस्ती दशांश खाणाऱ्या मुख्य पाळकाने करावी आणि मंडपाची दुरुस्ती गावकऱ्यांनी करावी. एकाच छपराखाली दोन मालक, दोन हिशोब! हा कायदा अजून अगदी मेलेला नाही. दशांशाच्या मोबदल्यात पूर्वी दिलेली जमीन ज्यांच्याकडे वंशपरंपरेने किंवा खरेदीने आली, अशा एका दांपत्यावर वेदीच्या भागाच्या दुरुस्तीचा बोजा येतो, असा निकाल विलायतेच्या सर्वोच्च न्यायासनाने २००३ साली दिला.

या रूढीचा परिणाम दगडात दिसतो. पुष्कळ खेड्यांत वेदीचा भाग बुटका, अंधारा, पहिल्या बांधणीचा राहिला आहे, कारण दशांश दूरच्या मठाकडे जात असे आणि मठाला या छपराची काळजी नव्हती. त्याला लागूनच मंडप मात्र उंच, प्रशस्त, मोठमोठ्या खिडक्यांचा, कारण तो गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वाढविला. लोकरीच्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या गावांची तर गोष्टच वेगळी. सफोक परगण्यातील लॅव्हनमच्या मंदिराचा मनोरा १४१ फूट आहे. तो तेथील कापडवाल्यांच्या व जमीनदाराच्या पैशाने झाला. असल्या मनोऱ्याचे चित्र कार्डावर छापले जाते, आणि तेच पाहून आमच्या तीस घरांच्या मंडळीस वाटते की आपल्यालाही तसाच हवा.

लहान गावे काय करीत, हे जाणण्यासाठी वाँटेज सोडून थोडे पश्चिमेस, डेव्हन परगण्यातील मोरबॅथ या खेड्यात जावे लागते. मोरबॅथचे मंदिर शिल्पासाठी कोणी पाहावयास जात नाही. परंतु तेथे सोळाव्या शतकातील हिशोबाच्या वह्या राहिल्या आहेत, आणि तशा वह्या आमच्या वाचकांस कोणत्याही मनोऱ्याहून अधिक शिकवतील. क्रिस्टोफर ट्रिकी नावाचे पाळक १५२० पासून १५७४ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षे, तेथे होते. गावात घरे किती? तेहतीसच्या सुमारास. आमच्या उपदेशकांच्या मंडळीएवढीच मंडळी! इमन डफी या इतिहासकाराने २००१ साली या वह्यांवरून एक सबंध ग्रंथ लिहिला.

मोरबॅथ डोंगराळ व गरीब. रोख पैसा थोडा, मेंढ्या पुष्कळ. म्हणून मंडळीचे धन मेंढ्यांत होते. मंडळीची एकेक मेंढी एकेका घराच्या कळपात ठेविलेली असे. घरधन्याने ती आपल्या मेंढ्यांबरोबर चारावी, आणि तिची लोकर व कोकरू यांचे उत्पन्न मंडळीच्या खात्यात जमा व्हावे. तरुण मुलांचे एक खाते, कुमारिकांचे दुसरे, असे वेगवेगळे निधी होते. प्रत्येकाचे कारभारी गावातूनच नेमिले जात, आणि वर्षाच्या शेवटी सर्व गावासमोर हिशोब वाचून दाखवावा लागे. कारभार पाळीपाळीने घरोघर फिरे. गरीब घर टाळले जात नसे. विधवेकडेही पाळी येई, आणि स्त्रिया कारभारी झाल्याच्या नोंदी त्या वह्यांत आहेत. चारशेपन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीच्या खेड्यात हे होते. आमच्या कित्येक मंडळ्यांत आजही वहीला बाईने हात लावावा की नाही यावर पंचकमिटीत चर्चा होते!

पैसा जमविण्याचा त्यांचा एक मार्ग आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. मंडळीच्या नावाने जवाचे मद्य गाळून सर्व गावाला मेजवानी द्यावयाची व नफा मंदिराला द्यावयाचा, अशी चाल सबंध इंग्लंडात होती. आमच्या मूठभर धान्याच्या मडक्याची बरोबरी तिला नाही, एवढेच म्हणून पुढे जाऊ.

ट्रिकी पाळकांच्याच हयातीत धर्मसुधारणेचा मोठा लोंढा आला. आपण त्या सुधारणेचे वारस आहोत. तरी ती खेड्यात कशी उतरली हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. मंडप व वेदीचा भाग यांच्यामध्ये लाकडी जाळीची एक पडदी असे व तिच्यावर क्रूस व मूर्ती असत. त्या काढून टाकिल्या. भिंतींवरील चित्रांवर चुन्याची सफेती फिरली. (ती सफेती खरवडल्यावर कित्येक ठिकाणी जुनी चित्रे पुन्हा बाहेर आली आहेत.) मोरबॅथच्या पाळकांनी काळ्या उपासनावस्त्रांसाठी वीस वर्षे पैसे साठविले होते. ती मिळाली न मिळाली तोच राजाज्ञेने त्यांचा उपयोग बंद पडला. आपल्या मते त्या वस्त्रांची गरज नव्हती, हे खरे. पण वीस वर्षे एकेक नाणे बाजूस ठेवणाऱ्या माणसाचे दुःख ज्याला कळत नाही त्याने खेड्यातील मंडळीचा कारभार करू नये.

त्याच लोंढ्यात दोन गोष्टी अशा आल्या की त्यांवाचून आजची आपली मंडळी चालणार नाही. १५३८ साली हुकूम निघाला की प्रत्येक गावमंदिरात इंग्रजी भाषेतील मोठे बायबल, ज्याला वाटेल त्याला वाचता येईल अशा जागी, ठेवावे. त्याच वर्षी दुसरे फर्मान असे की बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही प्रत्येक पाळकाने ठेवावी. ती दोन कुलुपांच्या पेटीत राहावी, एक किल्ली पाळकाकडे व दुसरी मंडळीच्या कारभाऱ्यांकडे. आमच्या खेड्यांतून अजूनही जन्मतारखेचा दाखला घेण्यास लोक मंडळीच्या वहीकडे धावतात. त्या वहीचा मूळ पुरुष हा. एकट्याच्या हाती किल्ली देऊ नये, हेही तेव्हाच ठरले होते.

आता परत वाँटेजला येऊ. तेथे वेदीच्या भागात पंधराव्या शतकातील लाकडी आसने राहिली आहेत. त्यांची बैठक बिजागरीवर उलटते, आणि उलटल्यावर खालच्या बाजूस एक कोरीव फळी पुढे येते. लांबलचक उपासनेत उभे राहणाऱ्या वृद्ध पुरोहितांनी तिच्यावर टेकावे, म्हणजे पाहणाऱ्याला ते उभेच दिसावेत! अशा कोरीव कामातील विनोद कित्येकदा पाहण्यासारखा असतो. जवळच चौदाव्या शतकातील सर विल्यम फिट्झवॅरिन व त्याची पत्नी यांच्या निजलेल्या मूर्ती आहेत. जमीनदार वेदीजवळ पुरला गेला. ज्यांनी भिंतीचे दगड वाहिले त्यांची हाडे बाहेर गवताखाली, नावाच्या दगडावाचून आहेत. इंग्लंडातील गावमंदिर हे सर्वांचे होते हे म्हणताना एवढा भेद सांगितला पाहिजे. सतराव्या-अठराव्या शतकांत तर तो भेद आसनांत शिरला. श्रीमंत घराण्यांनी उंच पाठीचे, दार लावलेले, भाड्याचे कप्पे करून घेतले, आणि मजूर मागच्या बाकांवर किंवा माळ्यावर बसले. प्रभूच्या घरी पंक्तिभेद हा आमच्याच देशाचा रोग आहे असे कोणी समजू नये. तेथे तो घालविण्यास एकोणिसावे शतक उजाडले. १८१८ साली स्थापन झालेली मंदिरबांधणीची एक सोसायटी पैशाची मदत करताना अशी अट घाली की इतकी आसने मोफत व सर्वांस खुली असावीत.

त्या शतकात इंग्लंडात जुन्या मंदिरांची डागडुजी करण्याची लाटच आली. वाँटेजची दुरुस्ती १८५७ साली जॉर्ज एडमंड स्ट्रीट या शिल्पज्ञाने केली. लंडनची मोठी न्यायालये पुढे यानेच बांधिली. नंतर १८८१ साली विल्यम बटरफील्ड या दुसऱ्या शिल्पज्ञाने मंडप पश्चिमेकडे वाढविला. म्हणजे रमाबाई जेव्हा त्या दारातून आत गेल्या तेव्हा मंदिराचा एक भाग सहाशे वर्षांचा होता आणि एक भाग दोन वर्षांचा. इंग्लंडातील गावमंदिर 'केव्हा बांधिले' या प्रश्नाला बहुधा असेच उत्तर द्यावे लागते.

या बटरफील्डचे नाव मुंबईतही आहे, आणि तेथून आपण स्वदेशी परत येऊ. कुलाब्याच्या टोकाकडे संत योहानाचे मंदिर आहे. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८–४२) मेलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ ते उभारिले. इंग्रजी गावमंदिराचा नमुना जसाच्या तसा हिंदुस्थानच्या भूमीवर आणावा या हेतूने झालेल्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी ते एक. आराखडा मुंबईतील इंजिनिअर हेन्री कॉनीबियर यांचा, आतील पडदी, आसने व फरशी यांची योजना बटरफील्डची, भिंती कुर्ल्याच्या दगडाच्या, कमानी व खांब पोरबंदरी दगडाचे. त्याच्या तारखा उपदेशकांनी लिहून ठेवाव्या: पायाचा दगड डिसेंबर १८४७ मध्ये बसविला, अर्पणविधी जानेवारी १८५८ मध्ये झाला, आणि मनोऱ्याचे टोक १८६५ च्या जूनमध्ये पुरे झाले. सरकारचा आश्रय असताना, लष्कराच्या वर्गण्या असताना, शेवटी कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनीही हात लाविला असताना, १९८ फुटांच्या त्या मनोऱ्यास उपासना सुरू झाल्यावर सात वर्षे लागली. लोक तोवर टोकावाचूनच प्रार्थना करीत होते.

आता टोकदार कमानीविषयी. ही कमान ख्रिस्ती धर्माची खूण आहे, असा समज आमच्या खेड्यांत दृढ आहे. गोंदेश्वराच्या मंडपात कमानच नाही. खांबांवर दगडी तुळया आडव्या टाकिल्या आहेत, म्हणून दोन खांबांमधील अंतर दगडाच्या लांबीएवढेच. कमानीने हे अंतर वाढते. इंग्लंडातील बाराव्या शतकापर्यंतच्या मंदिरांत अर्धवर्तुळाची कमान असे. तिची अडचण अशी की तिची उंची रुंदीच्या निम्मी असलीच पाहिजे. रुंद गाळा व अरुंद गाळा यांची टोके एका रेघेत येत नाहीत, आणि वरचा भार भिंतींस बाहेर ढकलतो, म्हणून भिंती फार जाड ठेवाव्या लागत. टोकदार कमानीत रुंदी कितीही असली तरी उंची मनास येईल तेवढी ठेविता येते, आणि भार अधिक सरळ खाली उतरतो. भिंत बारीक झाली, खिडकी मोठी झाली. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात ही कमान पसरली ती अशा सोयीसाठी. त्याहून फार पूर्वी मुसलमान कारागीर ती बांधीत होते. अहमदनगर व विजापूर येथील मशिदी व मकबरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस हे सांगावयास नको. तेव्हा टोकदार खिडकी घातल्याने इमारत ख्रिस्ती होते असे म्हणणाऱ्याने विजापूरची एक फेरी करून यावी.

मोठ्या खिडक्यांचे कारणही तसेच. इंग्लंडात हिवाळ्यात दुपारीच अंधारते. जो उजेड मिळेल तो आत घ्यावयाचा, वारा मात्र नको, म्हणून काचा पक्क्या बसविलेल्या. निफाड-येवल्याच्या उन्हात अशी न उघडणारी काचेची खिडकी ठेविली तर वैशाखात उपदेश ऐकणारे कोण उरतील? ही अडचण त्या काळच्या इंग्रजांसही कळली होती. १८४५ साली बेंजामिन वेब या पाळकाने उष्ण देशांतील मंदिरांविषयी एक निबंध लिहिला आणि त्यात असे सुचविले की तेथील मंदिर गुहेसारखे असावे: जाड भिंती, लहान खिडक्या, आत सावली. ही कल्पना तिकडील वाचकांस विचित्र वाटली असेल. ज्याने चैत्रातल्या दुपारी नाशिकच्या पांडवलेण्यांत पाऊल टाकिले आहे त्याला वाटणार नाही. छपराच्या उताराचेही असेच आहे. इगतपुरीच्या पावसाला तीव्र उतार पाहिजे, येवल्याच्या पावसाला तेवढा नको. इंग्लंडातील गवंड्यांनी आपल्या गावचा दगड, आपल्या गावचे लाकूड, आपल्या गावची हवा पाहूनच बांधिले. एसेक्समधील ग्रीनस्टेड येथे अकराव्या शतकातील मंदिराच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्या ओकाच्या खोडांच्या उभ्या फाळ्यांच्या आहेत, कारण त्या रानात लाकूड मुबलक होते.

आणि मनोरा? विलायतेत सर्वत्र असतो काय? नसतो. कितीतरी लहान गावमंदिरांना मनोराच नाही. पश्चिमेकडील भिंतीच्या त्रिकोणी शेंड्यावर दगडाची एक छोटी कमान केलेली असते, तीत एक घंटा टांगलेली, दोर खाली लोंबतो. तेवढ्या घंटेने सबंध गाव उपासनेस येत असे. दुसऱ्या कित्येकांत मनोरा मंडपानंतर शंभर-दोनशे वर्षांनी आला, आणि काहींत अर्धाच राहिला.

आज इंग्लंडच्या मंडळीकडे अशी सुमारे १६ हजार मंदिरे आहेत. खेड्यातील पुष्कळ ठिकाणी रविवारी बोटांवर मोजण्याइतके उपासक असतात, आणि छपरावरील शिशाचे पत्रे चोर काढून नेतात. जेथे उपासना बंद पडली अशा साडेतीनशेहून अधिक मंदिरांची निगा १९६९ साली स्थापिलेला एक न्यास पाहतो. १८७७ साली विल्यम मॉरिस व त्याचे मित्र यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी सोसायटी काढिली तिचा उपदेश फार साधा आहे: पन्हळी साफ ठेवा, निसटलेले कौल आजच बसवा, मग मोठ्या दुरुस्तीची वेळ येणार नाही. हा उपदेश शरणपुरासही लागू आणि केडगावासही. आमची जुनी मंदिरे मिशनांनी बांधिली, दुरुस्तीही मिशनच करी. मिशनरी गेले, १९७० साली उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि कौल कोणी बसवावे हा प्रश्न मात्र कित्येक गावांत अजून तसाच लोंबकळत आहे. मोरबॅथच्या तेहतीस घरांस तो प्रश्न पडला नव्हता. छप्पर कोणाचे हे त्यांस ठाऊक होते, कारण मेंढी त्यांच्या दारी बांधलेली होती.

आश्विनात ते उपदेशक पुन्हा आले. वरील सर्व हकिगत आम्ही त्यांस सांगितली व नकाशा पुन्हा पसरला. मनोरा खोडला नाही. मंडपाच्या पश्चिमेस त्याच्यापुरती जागा मोकळी ठेवून तेथे पेन्सिलीने 'पुढे' असे लिहिले. भिंती दीड फुटांच्या गावच्याच काळ्या दगडाच्या, खिडक्या लहान व लाकडी दारांच्या, छपरास सागवानी कैच्या व पत्रे, पश्चिमेच्या शेंड्यावर घंटेपुरती कमान, असा नवा बेत केला. दार मोठे ठेवावे हा त्यांचा आग्रह आम्ही मान्य केला, कारण लग्ने दारातूनच दिसतात असे ते म्हणाले. या बेतात छप्पर बसते. थोडे कमी पडेल ते पुढच्या सुगीत.

मग त्यांनी पिशवीतून एक नवी वही काढली. कारभारी दोन नेमिले होते. त्यांतील एक त्यांच्या मंडळीतील विधवा, जिच्या घरून धान्याचे मडके एकही आठवडा चुकले नव्हते. किल्ल्या दोन केल्या आहेत काय, असे आम्ही विचारिले. ते हसले आणि म्हणाले की कुलूपच अजून एक आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आमच्यासमोर तारीख घातली व लिहिले: बाजरी, दोन क्विंटल.